ब्रिटनच्या सायन्स म्युझियम ग्रुपमध्ये आपल्या रेल्वेचा माग कसा काढावा

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४, पाहुणे सुमारे ४००, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. एवढं ठाण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण इंजिनं कुणी घडवली, पुढे विजेची इंजिनं कुठून आली, त्यांचे आराखडे आणि छायाचित्रं आज कुठल्या कपाटात आहेत, असं विचारलं की गाडी अडते. यातल्या बऱ्याच प्रश्नांचा माग घरबसल्या काढता येतो. त्यासाठी ब्रिटनच्या सायन्स म्युझियम ग्रुपचा ऑनलाइन संग्रह कसा वापरायचा, आणि त्यातून जे कळेल ते मुंबईत प्रत्यक्ष कुठे जाऊन पाहायचं, ते इथे सांगितलं आहे.

या समूहात पाच संग्रहालयं आहेत: लंडनचं सायन्स म्युझियम, मँचेस्टरचं सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम, यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम, ब्रॅडफर्डचं नॅशनल सायन्स अँड मीडिया म्युझियम आणि शिल्डनचं लोकोमोशन. पाचही ठिकाणी प्रवेश मोफत आहे. काही खास प्रदर्शनांना तेवढं तिकीट लागतं. पाचांचा मिळून संग्रह ७० लाखांहून जास्त वस्तूंचा आहे आणि त्याची सूची एकच आहे. ही सूची आपल्या कामाची. मात्र यातला एक भागच ऑनलाइन चढला आहे. त्यामुळे शोधून सापडलं नाही म्हणजे त्यांच्याकडे नाही, असं धरून चालू नका.

आधी प्रश्न, मग शोध

‘इंडिया’ किंवा ‘रेल्वे’ एवढंच टाकून शोध घेतला तर निकालांचा डोंगर उभा राहतो आणि अर्ध्या तासात माणूस कंटाळून उठतो. म्हणून एकच नेमका प्रश्न घेऊन बसा. उदाहरणार्थ: कर्जत-लोणावळा घाटात १९३० च्या आसपास गाड्या ओढणारी विजेची इंजिनं कुणी बनवली? किंवा: ठाण्याच्या खाडीवरच्या पहिल्या रेल्वेपुलाचं चित्र कुठे आहे?

लॅपटॉपवर बसा. फोनच्या पडद्यावर निकालांची यादी आणि गाळण्या (फिल्टर) एकत्र दिसत नाहीत आणि आपण काय गाळून टाकलंय याचा पत्ता लागत नाही. शेजारी एक साधी एक्सेल शीट उघडी ठेवा. रकाने इतके पुरेत: वस्तू क्रमांक, नाव, बनवणारी कंपनी, बनवल्याचं साल, बनवल्याचं ठिकाण, सध्या कुठे आहे, चित्राचा परवाना, पानाचा पत्ता, आणि कुठल्या शब्दाने सापडली. शेवटचा रकाना बहुतेक जण भरत नाहीत आणि मग आठवड्याने तीच वस्तू परत शोधताना डोकं धरून बसतात. तो भराच.

स्पेलिंग: इथेच बहुतेकांचं घोडं अडतं

आजच्या स्पेलिंगने ठाणे शोधलंत तर फारसं काही हाती लागणार नाही. १८५० च्या दशकातल्या कागदांवर ठाणे म्हणजे ‘टॅना’: टी-ए-एन-एन-ए-एच. पुढच्या नोंदींत ते टी-एच-ए-एन-ए होतं. कल्याणचं जुनं रूप सी-ए-डबल एल-आय-ए-एन. बोरघाट आणि थळघाटातल्या ‘घाट’चं स्पेलिंग जी-एच-ए-टी असंही आहे आणि मध्ये ‘यू’ घालून जी-एच-ए-यू-टी असंही. मुंबईसाठी अर्थातच बॉम्बे. ही सगळी रूपं एकेक करून टाकायची. एका फटक्यात सगळं मिळेल ही आशा सोडा.

नवी मुंबईकरांची पंचाईत वेगळी. सिडको स्थापन झाली १९७० साली, त्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही नोंदीत नवी मुंबई असणारच नाही. खाडीच्या परिसरातलं काही हवं असेल तर ‘टॅना क्रीक’, ‘ट्रॉम्बे’, ‘साल्सेट’ असे शब्द वापरा. पनवेल-उरणच्या बाजूचं हवं असेल तर ‘कुलाबा’ हा जिल्हा घ्या. त्याचं रायगड झालं १९८१ मध्ये. इथे दक्षिण मुंबईतला कुलाबाही निकालात घुसतो, तेव्हा प्रत्येक नोंद उघडून वाचण्याला पर्याय नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. १८५३ ची ती पहिली गाडी चालवणाऱ्या कंपनीचं अधिकृत नाव ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’. पेनिन्सुलाच्या शेवटी ‘आर’ नाही. पण लोकांनी तेव्हाही ‘पेनिन्सुलर’ लिहिलं आणि आजही लिहितात, त्यामुळे सूचीत दोन्ही रूपं भेटतात. दोन्ही शोधा. शिवाय ‘जीआयपी’ आणि ‘जीआयपीआर’ ही लघुरूपं, एकदा अक्षरांमध्ये टिंब देऊन आणि एकदा न देता. म्हणजे एकाच कंपनीसाठी सहा शोध झाले. कंटाळवाणं आहे, पण छायाचित्रं आणि आराखडे बहुधा लघुरूपाखालीच नोंदलेले असतात, कारण मूळ कागदावर कारकुनाने तेवढंच लिहिलेलं असतं.

‘ठिकाण’ची गाळणी आणि तिचा चकवा

निकालांच्या बाजूला गाळण्या दिसतात: वस्तू, व्यक्ती व कंपन्या, दस्तऐवज, मग वर्गवारी, बनवणारा, ठिकाण, साल, चित्र आहे की नाही, सध्या प्रदर्शनात आहे की नाही. साहजिकच आपण ठिकाणात ‘इंडिया’ निवडतो, आणि तिथेच हवी ती वस्तू हातची जाते. कारण या सूचीत ठिकाण म्हणजे बहुतेक वेळा वस्तू जिथे घडली ते गाव. ती पुढे कुठे धावली याची नोंद त्या रकान्यात नसते. भारतासाठी बांधलेलं इंजिन म्हणूनच मँचेस्टर किंवा लँकेशरखाली सापडतं. आपल्याला हवंय ठाण्याचं, ते ठेवलंय कारखान्याच्या नावाने.

म्हणून वाट उलटी धरायची: आधी कारखाना ओळखा, मग त्याच्या पानावरून पुढे जा.

१८५३ ची पहिली इंजिनं लँकेशरमधल्या न्यूटन-ले-विलोज इथल्या व्हल्कन फाउंड्रीने बांधली. या कंपनीचं नाव टाका आणि ‘व्यक्ती व कंपन्या’ या गटातलं तिचं पान उघडा. त्या कंपनीशी जोडलेल्या वस्तू तिथे एकत्र मिळतात. अपेक्षा मात्र बेताची ठेवा. व्हल्कनचे कागदपत्र या समूहाकडे नाहीत, ते लिव्हरपूलच्या राष्ट्रीय संग्रहालयांकडे आहेत. आणि जीआयपी कंपनीचा लंडनमधला कारभारी पत्रव्यवहार हवा असेल तर तो ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात शोधावा लागतो. ही तीन दारं वेगवेगळी आहेत हे आधी कळलं तर बराच वेळ वाचतो.

या समूहाकडे व्हल्कनचं जे आहे त्यातली एक गोष्ट आपल्यासाठी मोलाची आहे. मँचेस्टरच्या संग्रहात ३१५७ क्रमांकाचं वाफेचं इंजिन आहे. व्हल्कनने ते १९११ मध्ये नॉर्थ वेस्टर्न रेल्वेसाठी, म्हणजे फाळणीआधीच्या पंजाब-सिंधसाठी बांधलं. पुढे ते पाकिस्तान रेल्वेचं झालं आणि तिथून मँचेस्टरला परतलं. त्याचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ५ फूट ६ इंच, म्हणजेच १६७६ मिलिमीटर. ठाणे स्टेशनातल्या रुळांचा तोच. साहिब, सिंध, सुलतान आज कुठेही पाहायला मिळत नाहीत. पण त्याच कारखान्याचं, त्याच रुंदीच्या रुळांवर चालणारं इंजिन पाहायचं तर हे आहे. याची नोंद शोधताना ‘इंडिया’बरोबर ‘पाकिस्तान’ही टाकून पाहा.

विजेच्या इंजिनांसाठी मँचेस्टरच्याच मेट्रोपोलिटन-विकर्स या कंपनीकडे वळा. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. त्यानंतर घाटापर्यंत तारा गेल्या आणि मालगाड्या-पॅसेंजरसाठी मोठी इंजिनं आली. त्यांचा विजेचा भाग मेट्रोपोलिटन-विकर्सचा होता. या कंपनीचं साहित्य मँचेस्टरच्या संग्रहालयाकडे आहे. तसंच गॉर्टनच्या बेयर-पीकॉक कारखान्याचं दप्तरही. हा कारखाना १८५४ ते १९६६ चालला आणि त्याची इंजिनं भारतभर धावली. ही सामग्री पाहायला ‘दस्तऐवज’ हा गट निवडा. इथली मांडणी झाडासारखी असते, एका दप्तराखाली मालिका आणि मालिकेखाली फाइल. शोधाने थेट फाइल उघडली तर एक-दोन पायऱ्या वर चढून शेजारच्या फायलींची नावं वाचा. हवी ती गोष्ट बरेचदा शेजारच्या फायलीत असते, कारण तिच्या वर्णनात तुमचा शब्द नसतो.

नोंद कशी वाचायची

प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो. स्टीफन्सनच्या प्रसिद्ध ‘रॉकेट’ इंजिनाचा क्रमांक १८६२-५. इंजिन बनलं १८२९ मध्ये. १८६२ हे ते संग्रहात आल्याचं साल आणि ५ हा त्या सालातला अनुक्रम. नवखे लोक हा पहिला आकडा वस्तूचं वय समजून लिहितात. रेल्वेच्या वस्तूंमध्ये आणखी एक गुंता आहे: १९७५-७००० आणि त्यापुढचे क्रमांक सारखे दिसतात. यॉर्कचं संग्रहालय १९७५ मध्ये उघडलं तेव्हा ब्रिटिश रेल्वेचा जुना संग्रह एकगठ्ठा नोंदला गेला, त्याच्या या खुणा. त्यामुळे अशा क्रमांकावरून वस्तू मुळात कधी जमा केली हेसुद्धा कळत नाही. त्यासाठी वर्णनच वाचावं लागतं.

‘ए’ अक्षराने सुरू होणारे सहा आकडी क्रमांक दिसले तर ती औषध-उद्योजक हेन्री वेलकम यांच्या वैद्यकीय संग्रहातली वस्तू. मुंबई-ठाण्याच्या प्लेगचा अभ्यास करणाऱ्यांनी इकडे जरूर वळावं. जीवाणूशास्त्रज्ञ हाफकिनने प्लेगची लस १८९७ मध्ये मुंबईतच तयार करून आधी स्वतःला टोचली. ‘हाफकिन’, ‘प्लेग’, ‘बॉम्बे’ असे तीन वेगळे शोध घ्या. वेलकमच्या वस्तू सायन्स म्युझियमकडे असल्या तरी कागद आणि चित्रं वेलकम कलेक्शन या वेगळ्या संस्थेकडे, वेगळ्या संकेतस्थळावर आहेत.

चित्रांबद्दल थोडक्यात. प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. पुष्कळ चित्रं शाळेच्या प्रकल्पात, व्याख्यानात, विनामूल्य अंकात श्रेय देऊन वापरता येतात. विक्रीच्या पुस्तकात किंवा दिवाळी अंकात छापायची तर वेगळी परवानगी आणि शुल्क. गूगलवरून सापडलेलं चित्र वापरू नका, मूळ पानावर जाऊन परवाना पाहा.

बऱ्याच नोंदींना चित्रच नसतं, आणि दस्तऐवजांचं तर बहुधा फक्त वर्णन असतं. तेव्हा संग्रहालयाला ईमेल करा. इंग्रजी साधी चालेल, पण वस्तू किंवा फायलीचा क्रमांक, पानाचा पत्ता आणि एकच प्रश्न लिहा. ‘ठाण्याच्या रेल्वेविषयी काय काय आहे?’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघम येतं.

तिथलं प्रदर्शन इथे येतं तेव्हा

या समूहाचे उपक्रम लंडनपुरते राहत नाहीत. आपल्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेबरोबर त्यांनी फिरती प्रदर्शनं केली आहेत. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंवरचं ‘सुपरबग्स’ २०१९ मध्ये दिल्लीतून सुरू झालं, आणि लसींवरचं ‘इंजेक्टिंग होप’ नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीत उघडून पुढे इतर शहरांत फिरलं, मुंबईतही आलं. अशी प्रदर्शनं मुंबईत भरतात ती वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात, म्हणून त्या केंद्राच्या सूचनांवर लक्ष ठेवा. वर्तमानपत्रात बातमी येईपर्यंत अर्धा मुक्काम सरलेला असतो.

ही परिषद १९७८ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय कोलकात्याला. वरळीचं केंद्र १९८५ पासून आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी दोन गोष्टी उपयोगाच्या: विज्ञान नाट्य आणि विज्ञान परिसंवाद या स्पर्धा, आणि शाळेच्या दारात येणारी फिरत्या प्रदर्शनाची बस. ही बसची कल्पना १९६५ पासूनची. शहापूर-मुरबाडकडच्या शाळांनी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावं, आणि बस उभी राहील अशी सपाट जागा व विजेची सोय आहे हे पत्रातच लिहावं.

प्रत्यक्ष पाहायला: सीएसएमटी आणि वरळी, एकाच दिवसात

सूचीतून माहिती गोळा झाली की इंजिन डोळ्यांनी पाहा, जवळच आहेत. सीएसएमटीला १८ नंबर फलाटाच्या बाजूला, पी. डिमेलो रोडकडे, हेरिटेज गल्ली आहे. तिथे घाटात मालगाड्या ओढणारं जुनं विजेचं इंजिन उभं आहे, त्याला रेल्वेतली माणसं ‘खेकडा’ म्हणायची. पॅसेंजरच्या जातीचं, म्हणजे डब्ल्यूसीपी-१, नेहरू विज्ञान केंद्राच्या मोकळ्या आवारात आहे. याच जातीचं दुसरं, ‘सर रॉजर लम्ली’ नावाचं, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात.

शनिवार निवडा. रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि मध्य व हार्बर दोन्हींवर असला तर दादर गाठेपर्यंतच दमछाक होते. ठाण्याहून सकाळची फास्ट पकडून थेट सीएसएमटी. वाशी-नेरूळ-पनवेलकडून हार्बरने थेट सीएसएमटी. ऐरोली-घणसोलीवाल्यांना ट्रान्सहार्बरने ठाण्याला येणं सोपं. गल्ली पाहून झाली की सीएसएमटीवरूनच भुयारी मेट्रोची अ‍ॅक्वा मार्गिका धरा आणि ‘सायन्स सेंटर’ स्थानकाला उतरा. मेट्रो नको असेल तर दादरला पश्चिम रेल्वेची स्लो घ्या: प्रभादेवी, लोअर परळ, मग महालक्ष्मी. फास्ट महालक्ष्मीला थांबत नाही, आणि सवयीने तीत चढलेली माणसं मुंबई सेंट्रलला उतरून परत येतात. केंद्र धुळवड आणि दिवाळी सोडून रोज उघडं असतं. वेळ आणि तिकीट निघण्याआधी पाहून घ्या.

आत शिरल्यावर दालनांत न अडकता आधी आवारातल्या इंजिनाकडे जा. दुपारचं ऊन आणि शाळांच्या सहली दोन्ही टळतात. चाकं बघा. एका टोकाला चार लहान चाकं, दुसऱ्या टोकाला दोन, आणि मधे मोठ्या चाकांच्या तीन जोड्या. मोटरींचा जोर फक्त या तीन आसांवर जातो. लहान चाकं वजन पेलतात आणि वळणावर वाट दाखवतात. मग मेकरची पाटी शोधा. पत्र्यावर रंगाचे थर बसले असतील तर फोनचा टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. उठावाची अक्षरं सावलीने उमटतात. समोरून फ्लॅश मारला की अक्षरं सपाट दिसतात. नाव सापडलं तर शीटमधल्या कंपनीशी जुळवा. इंजिनावर चढू नका.

मुलं बरोबर असतील तर तीन मीटरची टेप न्या आणि प्रदर्शनातल्या इंजिनाखालच्या रुळांमधलं अंतर मोजायला लावा, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना विचारून. मोजायचं रुळाच्या डोक्याच्या आतल्या कडेपासून समोरच्या आतल्या कडेपर्यंत. मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर साधारण सात सेंटीमीटर जास्त येतात, कारण रुळाच्या डोक्याची रुंदी त्यात मिसळते. १६७६ मिलिमीटरच्या जवळचा आकडा आला की बरोबर. चालू रुळांवर हे कधीच करायचं नाही.

हे इंजिन आज तारेखाली आणलं तरी चालणार नाही, हेही मुलांना तिथेच सांगा. ते १५०० व्होल्ट डीसीसाठी बांधलेलं. आता तारेत २५,००० व्होल्ट एसी वाहतो. हा बदल मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये पुरा झाला. म्हणजे पनवेल लोकलने जाणारे त्या सालापर्यंत १९२५ च्याच विजेवर प्रवास करत होते.

घरी आल्यावर शीट पुन्हा उघडा. सूचीत एखादी चूक दिसली, म्हणजे ‘टॅना’चं आजचं नाव दिलेलं नाही किंवा घाटाच्या चित्राखाली भलताच घाट लिहिलाय, तर संग्रहालयाला कळवा. मँचेस्टरच्या नोंदकाराला पारसिक आणि बोरघाट यांतला फरक नजरेने ओळखता येईलच असं नाही. इथल्या माणसाला येतो. पत्रात चार गोष्टी द्या: वस्तू क्रमांक, नोंदीतलं चुकीचं वाक्य जसंच्या तसं, दुरुस्त वाक्य, आणि आधार, म्हणजे नकाशाचं, गॅझेटियरचं पान किंवा त्याच जागेचं आजचं छायाचित्र.